व्यवसायाचा रकाना

हॉस्पिटलच्या पहिल्या केसपेपरवर नाव, वय, पत्ता यांच्याखाली ‘व्यवसाय’ असा एक रकाना होता. तिथे मी अप्पांच्या देखत ‘नोकरी (निवृत्त)’ असं लिहिलं. अप्पा म्हणजे माझे वडील. पगार, रजा, साहेब असलं काही त्यांनी जन्मात पाहिलेलं नव्हतं. ते सुतार होते. जोगेश्वरीच्या एका फर्निचरच्या कारखान्यात त्यांनी चाळीस वर्षं रंधा मारला होता, आणि निवृत्त म्हणाल तर अगदी आदल्या महिन्यापर्यंत आठवड्यातले चार दिवस ते कामावर जात होते. म्हणजे एका रकान्यात मी दोन खोट्या गोष्टी लिहून ठेवल्या.

मला त्यासाठी थांबून विचारही करावा लागला नाही. हात सरावलेला होता. आठवीत बाईंनी सगळ्यांकडून एक फॉर्म भरून घेतला होता. माझ्या बाकावरच्या मुलीनं वडिलांचा व्यवसाय ‘बँकेत नोकरी’ लिहिला, म्हणून मी ‘कंपनीत नोकरी’ लिहिलं. त्या दिवसापासून अप्पा कंपनीत लागले ते कायमचे. कॉलेजात कंपनी, लग्नाच्या वेळी कंपनी, बोरिवलीला फ्लॅट घेतला तेव्हा सोसायटीतही कंपनी. कुठली कंपनी, हे कुणी विचारलं नाही आणि मी ठरवलंही नव्हतं.

वास्तविक अप्पांची सुतारकी मिरवावी अशी गोष्ट होती. आम्ही बौद्ध, मूळचे मराठवाड्यातले. गावात मेलेली ढोरं ओढायचं काम आमच्याकडे होतं. आजोबांनी ते एके दिवशी सोडलं आणि त्यापायी गावाशी वैर घेतलं. अप्पा सोळाव्या वर्षी मुंबईत आले, आणि जोगेश्वरीतल्या एका म्हाताऱ्या मुसलमान मिस्त्रीनं त्यांना हाताशी धरलं. अप्पा त्याला उस्ताद म्हणायचे. आमच्या घराण्यात रंधा हातात धरणारा हा पहिला माणूस. माझं शिक्षण त्याच भुशातून झालं, आणि शिकून मी काय केलं, तर तो भुसा घरात येऊ नये म्हणून अप्पांना जिन्यात कपडे झटकायला लावले.

आई गेल्यावर अप्पा आमच्याकडे राहायला आले. सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून बसनं जोगेश्वरीला जायचे, संध्याकाळी परत. शेजारी विचारत, तेव्हा मी सांगायचे, जुन्या मित्रांना भेटायला जातात. एकदा पावसाळ्यात सोसायटीच्या सेक्रेटरींच्या स्वयंपाकघराचं दार फुगून अडकायला लागलं. अप्पांना लिफ्टमध्ये ते कळलं. मी ऑफिसातून आले तर दुसऱ्या मजल्यावर त्यांचं दार सताड उघडं, आणि आत बनियनवर उकिडवे बसलेले अप्पा दाराची कड तासत होते.

सेक्रेटरींची बायको कौतुकानं म्हणाली, “तुमच्या वडिलांचा हात काय छान आहे हो. आम्हाला माहीतच नव्हतं.”

“छंद आहे त्यांना,” मी म्हणाले. मग अप्पांना म्हटलं, “चला वर. चहा निवतोय.” चहा केलेलाच नव्हता.

दार अर्धवट राहिलं. वर आल्यावर मी त्यांना नको ते बोलले. आम्ही इथे मान राखून राहतो आणि तुम्ही लोकांच्या घरी बनियनवर बसता, असं काहीबाही. अप्पांनी सगळं ऐकून घेतलं. एवढंच म्हणाले, “दार अडकत होतं गं, म्हणून गेलो.”

आजाराची सुरुवात त्याच सुमाराला झाली असणार. उजवी नाकपुडी चोंदलेली, ती उघडेचना. मी वाफ दिली, बाम दिला, नाक्यावरच्या डॉक्टरांकडून अ‍ॅलर्जीच्या गोळ्या आणल्या. एकदा जेवताना अप्पा म्हणाले, “हल्लीच्या लाकडाला वासच येत नाही.” सागावरून रंधा फिरला की अप्पा डोळे मिटून सांगत हा साग कुठला, हे मी लहानपणी पाहिलं होतं. तरी मी म्हणाले, “आता सगळं प्लायवूडच असतं अप्पा, वास कुठून येणार?” मोठी जाणकार मी. उशीच्या अभ्र्यावर रक्ताचे ठिपके दिसले, तेव्हा मी म्हणाले, “नवे अभ्रे आहेत, जरा बघत जा.” दुसऱ्या दिवसापासून ते उशीवर स्वतःचा जुना टॉवेल पसरून झोपायला लागले. टॉवेलवर काय होतं ते मी कधी पाहिलं नाही. तो अप्पा स्वतःच धुवायचे.

मग उजव्या डोळ्यातून सारखं पाणी यायला लागलं, आणि डोळा किंचित बाहेर आल्यासारखा दिसू लागला. तेव्हा कुठे मी जागी झाले. स्कॅन झालं, नाकातून तुकडा काढून तपासला. कॅन्सर निघाला. नाकाच्या वरच्या अंगाला, दोन डोळ्यांच्या मध्ये हाडांच्या पोकळ्या असतात, तिथे गाठ होती, आणि ती उजव्या डोळ्याकडे सरकली होती.

आमची सर्जन माझ्याच वयाची होती. भराभर बोलणारी, पण तुटक नव्हती. केसपेपर वाचताना तिनं विचारलं, “काय काम करायचे हे?”

“कंपनीत होते.”

“धुळीचं काही काम? लाकूड, चामडं, असलं काही?”

लाकूड हा शब्द मी ऐकला की नाही, आठवत नाही. चामडं ऐकलं. माझे कान तापले. केसपेपरवर आमचं आडनाव होतं, आणि मला वाटलं, एवढी शिकलेली बाई, तीसुद्धा आडनाव वाचून हेच विचारणार. ऑफिसात, भाड्याचं घर बघताना, मुलाच्या शाळेत असले आडून येणारे प्रश्न मी खूप ऐकलेत. उत्तर जिभेवर तयार असतं.

“आमच्यात चामड्याचं काम कुणीही केलेलं नाही,” मी म्हणाले. “ऑफिसात होते. टेबलावर बसून काम.”

डॉक्टरनं अप्पांकडे पाहिलं. अप्पांच्या डाव्या हाताच्या एका बोटाचं टोक करवतीखाली गेलेलं आहे, आणि तळहात इतके राठ की नवा शर्ट त्यांना अडकतो. त्यांनी दोन्ही हात मांडीवरच्या फायलीखाली सरकवले.

“हो,” ते म्हणाले. “ऑफिसातच.”

हे लिहितानासुद्धा माझा चेहरा गरम होतो. खोटं मी बोलले होते. ते टिकावं म्हणून त्या माणसानं आपले हात लपवले, आणि मला तेव्हा काय वाटलं असेल? बरं वाटलं. सुटल्यासारखं.

आठवड्यानं डॉक्टरनं आम्हाला बसवून ऑपरेशन समजावून सांगितलं. कागदावर चित्र काढलं. नाक आणि डोळा यांच्यामध्ये पापडाइतकं पातळ हाड असतं, ते गाठीनं खाल्लं होतं. त्या हाडाच्या पलीकडे डोळ्याभोवती एक पडदा असतो. पडद्यापलीकडे चरबी, स्नायू आणि मग डोळा.

“गाठ पडद्याला नुसती टेकली असेल तर डोळा ठेवून ती काढता येते,” ती म्हणाली. “आमचा कल डोळा ठेवण्याकडेच असतो. पडदा फोडून पार आतल्या स्नायूत शिरली असेल, तर डोळा ठेवण्यात अर्थ नाही. स्कॅनवर ते नीट कळत नाहीये, आत गेल्यावरच दिसेल. मधलंच काही निघालं तर काय करायचं, ते आधी बोलून ठेवू. ठेवलेला डोळाही अगदी पूर्वीसारखा राहत नाही. एकाचे दोन दिसू शकतात, पाणी वाहतं, पुढे रेडिएशननं नजर मंदावू शकते. काका, तुम्हाला काय वाटतं?”

अप्पा म्हणाले, “ही सांगेल.”

“त्यांचं डोळ्यावर अवलंबून असलेलं काही काम आहे का?” तिनं मला विचारलं.

“नाही,” मी म्हणाले. “घरीच असतात. पेपर वाचतात, टीव्ही बघतात. डावा डोळा चांगला आहे ना? मग शंका आली तर काढून टाका.”

किडकं वांगं बाजूला ठेवायला सांगावं, तशा आवाजात मी हे बोलले. भीती होतीच, नाही असं नाही. गाठीचा कण मागे राहायला नको, पुन्हा हे सगळं नको. पण त्या भीतीत माझा कंटाळाही मिसळलेला होता. हॉस्पिटलच्या रांगांना, ऑफिसातल्या रजांना मी विटले होते आणि मला एकदाचं काहीतरी पक्कं हवं होतं. डॉक्टरनं फायलीत दोन ओळी लिहिल्या. अप्पा चित्राकडे बघत राहिले.

ऑपरेशनच्या आदल्या दुपारी त्यांना वॉर्डात दाखल केलं. पलंगावर सरकवायचं ते चाकांचं टेबल होतं, त्यावर चहा ठेवला तर चमचा घरंगळत कडेला गेला. अप्पांनी तो परत ठेवला, परत घरंगळला. तेव्हा ते पलंगावरून उतरले, गुडघ्यावर बसले, हनुवटी टेबलाच्या कडेपाशी नेली, डावा डोळा मिटला आणि उजव्या डोळ्यानं कडेवरून पार दुसऱ्या टोकापर्यंत बघितलं. तो उजवा डोळा, पाणी गळणारा, बाहेर आलेला.

“हा कोपरा अर्धा सूत खाली आहे,” ते म्हणाले. सूत म्हणजे सुताराचं माप, इंचाचा आठवा भाग. त्यांनी चहाच्या कपाची कागदी चकती दुमडून चाकाखाली सरकवली. चमचा थांबला.

हे मी लहानपणापासून हजारदा पाहिलेलं होतं. फळी सरळ आहे का हे बघायला सुतार एक डोळा मिटून तिच्या कडेवरून नजर लावतो. पण कुठला डोळा मिटतो आणि कुठला उघडा ठेवतो, हे मी कधी बघितलंच नव्हतं.

“अप्पा, तुम्ही नेहमी उजव्यानंच बघता?”

“मग कशानं बघू?”

“डाव्यानं बघून दाखवा ना.”

त्यांनी उजवा मिटायचा प्रयत्न केला, तर दोन्ही मिटले. पुन्हा केला, पुन्हा दोन्ही. गाल वर चढला, तोंड वाकडं झालं. स्वतःच हसले. “एकटा नाही मिटत हा. उस्ताद डाव्या डोळ्यावर तळवा ठेवायचा माझ्या, आणि म्हणायचा बघ आता. वर्षभर ठेवला असेल. डावा शिकलाच नाही काही.”

मी विचारलं, “मग डॉक्टरनं विचारलं तेव्हा बोलला का नाहीत?”

अप्पा चादरीची सुरकुती सरळ करत होते. “मी ऑफिसात होतो, असं तू सांगितलं होतंस ना. मग रंध्याला डोळा लागतो, असं मी कसं सांगायचं? तू खोटी पडली असतीस.”

मी बाहेर व्हरांड्यात जाऊन उभी राहिले. रडले नाही. रडणं तेव्हा सोयीचं झालं असतं. मला स्वतःचा इतका संताप आला होता की पर्सचा पट्टा मी तुटेपर्यंत पिळत होते. आठवीपासून मी त्यांच्या हातांची लाज बाळगली, आणि माझी लाज राखायला हा माणूस आपला डोळा द्यायला निघाला होता.

संध्याकाळच्या राउंडला डॉक्टर आली. तिच्यामागे चार शिकाऊ डॉक्टर, शेजारच्या पलंगांवरचे नातेवाईक कान टवकारून. त्यांतलं कुणीही माझ्या ओळखीचं नव्हतं, तरी तोंड उघडेना.

“डॉक्टर,” शेवटी मी म्हणाले, “मी तुम्हाला चुकीचं सांगितलं. वडील ऑफिसात नव्हते. सुतार आहेत. गेल्या महिन्यापर्यंत कामावर जात होते.”

“सुतार?” ती थांबली. “मी विचारलं होतं ना, लाकडाचं काम होतं का?”

“हो.”

“मग?”

“तुम्ही चामडं म्हणालात. मला वाटलं, जात विचारताय.”

शिकाऊ डॉक्टरांतला एकजण खाली बघायला लागला. तिनं चष्मा काढून हातात धरला. “मी धूळ विचारत होते हो,” ती हळू आवाजात म्हणाली. “लाकडाची, चामड्याची बारीक धूळ वर्षानुवर्षं नाकात गेली की हा आजार होऊ शकतो. म्हणून दोन्ही विचारतो.”

मग ती माझ्याकडे पाठ करून अप्पांच्या पलंगावर बसली. “काका, आता मला ही नको. तुम्ही सांगा. डोळ्याचं काय करायचं?”

अप्पांनी हात मांडीवर ठेवले. या वेळी उघडे. “जीव राहणार नसेल तर घ्या डोळा. पण उगीच नका काढू. त्यानंच बघायची सवय आहे.”

तिनं फायलीतल्या त्या दोन ओळी खोडल्या. शंकेच्या जागी पडद्याचा तुकडा काढून लगेच तपासायला पाठवेन, रिपोर्ट येईपर्यंत टेबलावर थांबेन, तुकड्याच्या कडा साफ निघाल्या तर डोळा राहील, नाही निघाल्या तर नाही, असं तिनं त्यांना सांगितलं. अप्पांनी सही केली. सही झाल्यावर तिनं त्यांचा हात उलटा करून तळवा पाहिला, आणि पुढच्या पलंगाकडे गेली.

ऑपरेशनला सकाळपासून संध्याकाळ झाली. बाकावर बसून मी एकच हिशेब करत होते आणि तो कुठूनही मांडला तरी माझ्याच अंगावर येत होता. डोळा गेला तर मी आधी बोलले म्हणून. डोळा राहिला आणि गाठीचं काही मागे उरलं, तर मी नंतर बोलले म्हणून. शेजारी नवरा होता. तो म्हणाला, “तुझ्या बोलण्यानं गाठ कमीजास्त होत नसते.” खरं होतं ते. तरी मला काही ते लागू पडलं नाही.

डॉक्टर बाहेर आली तेव्हा तिच्या कपाळावर टोपीचा वळ उमटला होता. गाठ एका ठिकाणी पडद्याला चिकटली होती. तेवढा पडदा काढला, कडांचे तुकडे तपासले, साफ आले. आत गाठ शिरलेली नव्हती. “डोळा आहे,” ती म्हणाली. मी तिचे आभार मानायचे विसरले.

पट्टी निघाल्यावर अप्पांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. “दोन-दोन दिसतेस,” ते म्हणाले. “एकच भारी होती.” मग डावा डोळा मिटला आणि म्हणाले, “आता एक झालीस.” दोन्ही डोळ्यांनी बघितलं की सगळं दुहेरी, पण एक मिटून बघितलं की सरळ. सहा आठवडे रेडिएशन झालं. डोळ्यातून पाणी अजून वाहतं, रुमाल सतत हातात असतो. वास मात्र गेला तो गेलाच.

धुळीत परत जायचं नाही, असं डॉक्टरनं बजावलं होतं. एका रविवारी अप्पा म्हणाले, पेटी कारखान्यात देऊन येऊ, हत्यारं गंजून जातील. आम्ही रिक्षानं जोगेश्वरीला गेलो. त्या कारखान्याच्या आत मी पहिल्यांदाच पाऊल टाकलं. आत सहासात माणसं होती. अप्पांनी त्यांच्याशी माझी ओळख करून द्यायला सुरुवात केली, तर एकजण म्हणाला, “अरे चाचा, मालूम है. इन्शुरन्सवाली ऑफिसर बेटी.” माझा मुलगा किती वर्षांचा आहे, माझं प्रमोशन कधी झालं, त्यांना सगळं ठाऊक होतं. इतकी वर्षं मी या जागेचा एक शब्द बाहेर काढला नाही, आणि इथे रोज माझी बढाई चालायची. कुणीतरी माझ्यासाठी खुर्ची पुसली. मला त्यावर बसवेना.

अप्पांनी पेटी उघडून रंधे, पटाश्या, करवती एकेक करून बाहेर काढल्या आणि ज्याला जे लागेल ते दिलं. स्वतःसाठी काही ठेवलं नाही.

त्यानंतरच्या तपासणीला काउंटरवर नवा केसपेपर मिळाला, कारण जुना भरला होता. मी तो भरायला घेतला. व्यवसायाच्या रकान्याशी आले, आणि चांगलं ठळक, दुरून वाचता येईल असं ‘सुतार’ लिहिलं. लिहून झाल्यावर मला बरं वाटलं, हेही सांगून टाकते. कागद अप्पांपुढे असा धरला, जसा काही मी त्यांना बक्षीस देत होते.

अप्पांनी डावा डोळा मिटून वाचलं. “हे काय लिहिलंस?”

“खरं ते.”

“अगं, पण आता कुठं?” ते म्हणाले. “पेटी देऊन आलो ना आपण. आता काही करत नाही मी. निवृत्त लिही.”

मी पेन तसंच धरून उभी होते. मागे रांग होती. अप्पांनी रुमालानं डोळा टिपला आणि अगदी साध्या आवाजात म्हणाले, “आता खोटं कशाला लिहायचं?”

मी ‘सुतार’ खोडलं. ते नीट खोडलं गेलं नाही, शाईखालून दिसत राहिलं. शेजारी उरलेल्या जागेत ‘निवृत्त’ लिहिलं आणि कागद काउंटरवर दिला.